अर्ध्या चेहऱ्याचा प्रयोग

२ नोव्हेंबर

या वहीची माफी मागून सुरुवात करतो. मागचं पान मार्चमधलं आहे आणि त्यावर 'आज ताप कमी वाटला' एवढी एकच ओळ आहे. त्यानंतर लिहिण्यासारखं एकच घडलं आणि ते मला लिहायचं नव्हतं. बायको गेली. एवढं लिहायला नोव्हेंबर उजाडला.

वही पुन्हा उघडायचं कारण कामाचं आहे. आमच्या कारखान्यात चेहऱ्याला लावायच्या क्रीम बनतात. आजवर क्रीम आमची आणि डबीवर नाव दुसऱ्याचं, असंच चालत आलं. आता मालकांनी ठरवलंय की वयस्क, कोरड्या त्वचेसाठी एक क्रीम आपल्या नावाने काढायची. ती माझ्यावर सोपवली आहे. तिच्यात काय घालायचं ते माझं मी ठरवलं, पण ते खरंच उपयोगी आहे का हे ठरवण्याचा हक्क माझा नाही. तो चाचणीचा.

चाचणी अर्ध्या चेहऱ्याची. दोन डब्या, दिसायला जुळ्या बहिणी. एकीत गुणाचे घटक घातलेले, दुसरीत नुसता पाया, म्हणजे पाणी, तेल आणि ते एकत्र धरून ठेवणारा पदार्थ. एकीवर लाल ठिपका, दुसरीवर निळा. एक डावीकडे, एक उजवीकडे. कुठली खरी हे लावणाऱ्यालाही माहीत नसतं आणि लावून घेणाऱ्यालाही नसतं. माहीत फक्त काटेबाईंना. (त्यांचं आडनाव वेगळंच आहे, पण त्या वजनकाट्यासमोरून हलत नाहीत म्हणून सगळे तसं म्हणतात.) इतकी लपवाछपवी अशासाठी की माणसाला गुण यावा असं वाटत असलं की तो दिसायलाही लागतो. या वर्षी हे मला कुणी वेगळं शिकवायला नको.

सत्तरीच्या पुढच्या बायका कमी पडताहेत. काटेबाई म्हणाल्या, तुमच्या घरात सासूबाई आहेत की.

आहेत. लेकीच्या आजारपणात मदतीला म्हणून आल्या, त्या राहिल्या. त्यांचा मुलगा, ज्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, दुसऱ्या शहरात असतो. त्याच्या घराचं काम चाललंय. आईंची खोली तयार झाली की तो त्यांना नेणार. तोवर मी आणि आई. जिच्यामुळे आम्ही एकमेकांचे कुणी होतो ती नाही, आणि आम्ही दोघं वीजबिल भरलं का, गॅस संपत आला का, एवढ्यावर दिवस ढकलतो.

६ नोव्हेंबर

आईंना विचारलं. सगळं समजावून, नाही म्हणायची पूर्ण मोकळीक देऊन. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे अर्धी भिंत रंगवायची आणि अर्धी तशीच ठेवायची."

मी म्हटलं, तसंच, म्हणजे रंगाचा गुण कळतो.

"आणि कुणी आलं तर मी कुठल्या बाजूने बसू?"

हसू आलं. या घरात हसण्याचा आवाज मला जरा परकाच वाटला.

मग क्रीममध्ये काय असणार ते विचारलं. त्यांना कळेल अशा भाषेत सांगायचा प्रयत्न केला. ग्लिसरीन पाणी ओढून धरतं. सेरामाइड हे आपल्या त्वचेत मुळात असतंच. त्वचा विटांच्या भिंतीसारखी धरली तर सेरामाइड म्हणजे दोन विटांमधला गारा. वयाबरोबर तो झडतो, भिंतीला फटी पडतात, आतला ओलावा उडून जातो आणि बाहेरचं आत शिरून खाज सुटते. बाहेरून सेरामाइड लावलं की फटी थोड्या बुजतात. नायसिनामाइड हे एक जीवनसत्त्व, ते त्वचेला स्वतःचा गारा बनवायला मदत करतं आणि लाली कमी करतं. आणि अगदी थोडा युरिया, खरबरीतपणा मऊ करायला.

"युरिया? तो शेतात टाकतात."

मी म्हटलं, तोच, पण शुद्ध केलेला.

"म्हणजे गालावर पीक घ्यायचंय तुम्हाला." मग म्हणाल्या, सुरकुत्यांसाठी काही नाही का? मी सांगितलं की रेटिनॉल असतं, पण ते जहाल, तुमची त्वचा पातळ झाली आहे, तिला आधी शांत करायला हवं. "असू देत सुरकुत्या. त्या काढल्यात तर दादा ओळखायचा नाही मला."

कानामागे दोन्ही क्रीमचा ठिपका लावून ठेवलाय. काही उठलं नाही तर पुढे.

९ नोव्हेंबर

काही उठलं नाही. आज पहिला दिवस.

आईंचा हात कापतो. चहाचा कप तोंडाशी नेईपर्यंत बशीत तळं साचतं. क्रीमचा सारखा थर त्यांना जमणार नाही, म्हणून लावायचं मी. कागदावर हे लिहिताना सोपं वाटलं होतं. प्रत्यक्षात मी डबी उघडून बराच वेळ नुसता उभा राहिलो. इतक्या वर्षांत आमचा स्पर्श म्हणजे कप देताघेताना बोटाला बोट लागणं, तेवढंच. जावयाने सासूच्या गालाला हात लावायचा. लिहितानाही कान तापतात.

स्वयंपाकघरातल्या खिडकीशी खुर्ची ठेवली. चेहरा धुवून, टिपून, किंचित ओला असतानाच लावायचं, म्हणजे ग्लिसरीनला धरायला पाणी मिळतं. डावीकडे लाल, उजवीकडे निळी, मध्ये नाकाची रेघ. लावताना बोलायचं नाही, असा नियम मी घातला. गाल हलले की क्रीम रेघ ओलांडते. आईंनी डोळे मिटून घेतले. त्यांच्या गालाची त्वचा कांद्याच्या पापुद्र्यासारखी आहे. मिटलेल्या पापण्यांची ठेवण हुबेहूब तिच्यासारखी, हे मी आजपर्यंत पाहिलंच नव्हतं.

"तुमचा हात गार आहे," त्या शेवटी म्हणाल्या.

उद्यापासून आधी कोमट पाण्याने हात धुवायचे. थंड हाताने रक्तप्रवाह बदलतो, नोंदीवर परिणाम होऊ शकतो.

१४ नोव्हेंबर

आज आईंनी नियम मोडला. मी निळी लावत असताना डोळे मिटलेलेच ठेवून बोलायला लागल्या. ती लहान असताना तिला कांजिण्या आल्या होत्या, अंगभर गुलाबी औषध लावायचं होतं आणि ती एका जागी ठरेना. आई तिला भिंगरी म्हणायच्या, तेव्हापासूनच. शेवटी तिच्या वडिलांनी तिला सांगितलं की जितके फोड तितक्या गोष्टी सांगतो, एकेक फोड मोजून. मग ती ठरली. पण पाठीवरचे संपल्यावर म्हणाली, आता पुन्हा मोजा, चुकला असाल.

मी म्हटलं, आई, गाल हलताहेत.

त्या लगेच गप्प झाल्या. एखाद्या विद्यार्थिनीसारख्या.

ऑफिसात गेल्यावर वाटलं, ती गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. पुढे काय झालं असेल? पण नियम सगळ्या बायकांना सारखा आहे, माझ्या सासूला वेगळा कसा लावू? संध्याकाळी विचारावं म्हटलं, तर त्या भाजी निवडत होत्या आणि मला सुरुवात कशी करावी ते सुचेना. गॅस संपत आलाय का, ते विचारलं.

२३ नोव्हेंबर

मोजमापाचा दिवस. ओलावा मोजायचं पेनाएवढं यंत्र दोन्ही गालांना लावलं, खिडकीच्या उजेडात फोटो काढले. लाल बाजू निळीच्या स्पष्ट पुढे आहे. पापुद्रे गेलेत, खाजही कमी असं आई म्हणतात. मी उगाच खूश होत नाही, लाल ही नुसता पायाही असू शकते आणि निळी त्यांना बाधत असेल. पण मनातल्या मनात झालोच खूश, ते इथे लिहून ठेवतो.

आईंसारखी शिस्त आमच्या लॅबमध्येही नाही. मी डब्या घेऊन येईपर्यंत त्या आंघोळ करून, केस विंचरून, चेहरा धुवून खिडकीशी बसलेल्या असतात. रविवारीसुद्धा. एके दिवशी मला उशीर झाला तर म्हणाल्या, वैद्यबुवा, रुग्ण वाळून जाईल. शेजारीण म्हणाली, आजी हल्ली ताज्या दिसतात. मी म्हटलं, सेरामाइड.

३० नोव्हेंबर

दादाचा फोन. खोली लवकर तयार झाली. वीस डिसेंबरला तो स्वतः येणार. तळमजला आहे, जिना चढायला नको, बाथरूम खोलीला लागून, खोलीत ऊन येतं. सगळं नीट विचार करून केलंय त्याने. फोन आईंच्या कानाला लावून दिला तेव्हा त्या हो, हो, बरं, एवढंच म्हणत होत्या.

नंतर मला म्हणाल्या, "तुमचा प्रयोग कधी संपतो?"

पंधराच्या आसपास, मी म्हटलं. तुमच्या जाण्याच्या आत सगळं उरकतं, काळजी करू नका.

"असे प्रयोग लांबत नाहीत का कधी?"

नीट आखले तर नाही लांबत, मी सांगितलं. थोड्या अभिमानानेच.

"तुमचं काम चोखच असतं," आई म्हणाल्या.

आता प्रामाणिकपणे. त्या इथेच राहाव्यात असं मला वाटतं का? वाटतं. सकाळी स्वयंपाकघरात दिवा लागलेला असतो, तो त्यांच्यामुळे. पण वाटणं वेगळं आणि मागणं वेगळं. पोटचा मुलगा असताना त्यांनी जावयाकडे का राहावं? तेही ज्या लेकीमुळे जावई, ती लेक नसताना? मी मागितलं तर त्या भिडेस्तव हो म्हणतील आणि जिना चढत राहतील. माझं एकटेपण त्यांच्या गुडघ्यांवर टाकायचं का? नाही. यावर मी बराच विचार केलाय आणि हेच बरोबर आहे.

५ डिसेंबर

आईंना आमच्या कामात भलताच रस निर्माण झालाय. क्रीम फक्त चेहऱ्यालाच का, मानेचं काय, विचारत होत्या. हातही फाटतात, त्यांच्यासाठी वेगळी काढणार असाल ना? आणि उन्हाची क्रीम, तीही तपासावी लागत असेल. मी म्हटलं, सनस्क्रीनची चाचणी वेगळी असते, तिला बरेच महिने लागतात. "महिने?" त्या म्हणाल्या आणि थांबल्या. बाई शिकल्या असत्या तर उत्तम संशोधक झाल्या असत्या.

मग कपाटातून एक ट्यूब घेऊन आल्या. तिची. मी तिथलं काही हलवलेलं नाही. क्रीम बनवणाऱ्याची बायको असून ती दुकानातली ही गुलाबाच्या वासाची वापरायची आणि मी चिडवायचो की वासाचे पैसे देतेस. ती म्हणायची, तुमच्या क्रीमला दवाखान्याचा वास येतो.

"यात चांगलं काय काय आहे?" आईंनी विचारलं.

मी मागची यादी वाचून दाखवली. घटक जास्तीकडून कमीकडे लिहिलेले असतात, त्यामुळे पहिली चार-पाच नावं बघायची. आधी पाणी, मग तेल, मग थोडं ग्लिसरीन, मग लगेच सुगंध. ज्या फुलाचं चित्र वर मोठं आहे ते यादीत सगळ्यात शेवटी, म्हणजे नावापुरतं. कामाचं एक ग्लिसरीन, बाकी कोरड्या त्वचेला हा सुगंध त्रासच देणार.

आईंनी झाकण काढून मनगटाला थोडीशी लावली. मी म्हणालो, आई, तारीख उलटून गेलीय तिची.

त्यांनी मनगट नाकाशी नेलं आणि तशाच राहिल्या. मी बाल्कनीत गेलो. आज एवढंच.

१० डिसेंबर

प्रयोगात घोळ. काल काढलेले आकडे काटेबाईंनी पाहिले आणि मला बोलावून घेतलं. आईंचे दोन्ही गाल सारखे आलेत. मागच्या खेपेपर्यंत फरक होता, आता निळी बाजू धावत येऊन लालच्या बरोबरीला उभी. असं क्रीमने होत नाही, काटेबाई म्हणाल्या, असं माणसाने होतं.

घरी आल्यावर आईंना विचारलं. आवाज चढवला नाही, पण विचारलं. त्यांनी एकदम कबूल केलं. मी ऑफिसला गेलो की त्या लाल ठिपक्याची डबी काढून, थरथरत्या हाताने का होईना, उजव्या गालालाही लावत होत्या.

"पण का, आई?"

"एका गालाचं सगळं करायचं आणि दुसऱ्याला उपाशी ठेवायचं, मला बघवेना. आई आहे हो मी."

कधीपासून, विचारलं तर म्हणाल्या, पहिल्यापासूनच की. तसं असेल तर आधी फरक कसा दिसला? बहुधा सुरुवातीला थोडी लावत असतील, मग हात सैल सुटला असेल. राग आला होता, पण या उत्तरापुढे तो टिकेना. मुलांमध्ये दुजाभाव केला नाही तो गालांमध्ये कसा करणार? माझीच चूक, डब्या कुलपात ठेवायला हव्या होत्या.

मग त्या म्हणाल्या, "आता पुन्हा पहिल्यापासून करावं लागेल ना?"

चेहरा इतका गंभीर होता की मला वाईट वाटलं. मी घाईघाईने धीर दिला. अजिबात नाही आई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. बाकीच्या बायकांचे आकडे चोख आहेत, तेवढ्यावर भागतं. तुमचे आकडे काढून टाकले की झालं. उद्यापासून तुम्ही मोकळ्या.

"काढून टाकणार?"

हो, काही बिघडत नाही, मी म्हटलं.

"बरं," आई म्हणाल्या आणि ओटा पुसायला लागल्या. ओटा स्वच्छच होता.

१२ डिसेंबर

सकाळी उठलो तर आई खिडकीशी बसलेल्या. आंघोळ झालेली, केस विंचरलेले. मी म्हटलं, ऊन घेताय का? चांगलं आहे, पण खिडकीच्या काचेतूनही ऊन त्वचेला लागतं, सनस्क्रीन लावत जा. माझ्याकडची ट्यूब त्यांच्या हातात दिली. क्रीममध्ये सगळ्यात गुणाचं काय असं कुणी विचारलं तर मी हेच सांगेन, बाकीचे घटक झालेलं नुकसान भरून काढतात, हे नुकसान होऊच देत नाही.

त्यांनी ट्यूब हातात फिरवली. मग म्हणाल्या, ठेवते हं.

माझा हात सवयीने कोमट पाण्याखाली गेला होता. पुसून टाकला.

१९ डिसेंबर

दादा आज संध्याकाळी आला. उद्या सकाळी निघायचंय. आईंची बॅग दाराशी आहे, मुक्कामाला आल्या होत्या तीच.

जेवताना दादा म्हणाला, तुम्ही फार केलंत हो आईचं, आमच्याच्याने काही झालं नाही. मला अवघडल्यासारखं झालं. केलं त्यांनीच. मग त्याने मान वर करून सरळ विचारलं, "आईला नेतोय तर तुमची काही अडचण नाही ना? मोकळेपणाने सांगा."

मी म्हटलं, "छे, माझी कसली अडचण? त्यांची सोय होतेय, हेच महत्त्वाचं."

आई समोर बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटतं, त्यांना हायसं वाटलं असावं, मी काही मागून त्यांना कोंडीत पकडलं नाही म्हणून. मग त्यांनी चष्मा कुठे ठेवलाय ते विचारलं. चष्मा डोळ्यांवरच होता. दादा हसला, म्हणाला, आई, चल लवकर, तुला आता आमच्याच ताब्यात घ्यायला हवं. आईही हसल्या.

'माझी कसली अडचण' हे वाक्य मी दोन-तीनदा मनात म्हणून पाहिलं. त्यात खोटं काही नाही. त्यांच्या जाण्याने माझी अडचण होत नाही. दुसरं काहीतरी होतं, पण दादाने ते विचारलं नव्हतं.

२० डिसेंबर

गेल्या.

गाडीत बसताना मला म्हणाल्या, वेळेवर जेवत जा. मी म्हटलं, तुम्ही चेहरा ओला असतानाच क्रीम लावत जा. त्यांनी मान डोलावली. एवढं बोलणं झालं आणि गाडी निघाली.

३ जानेवारी

ठिपक्यांचं गुपित काटेबाईंनी आज सगळ्यांसमोर उघडलं. लाल डबी खरी होती. बायकांच्या लाल बाजूचा ओलावा जास्त, खाज कमी, एकीलाही बाधली नाही. मालकांनी सगळ्यांना चहा पाजला. क्रीम निघणार. डबीवर मागे नाही, पुढेच लिहायचं की आत काय आहे आणि किती आहे. हा माझा आग्रह होता आणि तो मान्य झाला. सुगंध शून्य. जाहिरातवाला म्हणाला, साहेब, बिनवासाची क्रीम म्हणजे बिनमिठाची भाजी. मी हटलो नाही.

घरी येऊन हे कुणाला सांगावं असा विचार करत जिन्यात उभा होतो. मग वर आलो आणि कुलूप काढलं.

१५ जानेवारी

वहिनींचा फोन. दादाची बायको, बोलायला मोकळी, मनाने चांगली. म्हणाल्या, आईंचे गाल लालेलाल झालेत, आग होते म्हणतात. हौसेने महागातली क्रीम आणली होती, तुमच्या तोडीची असेल म्हणून. मी मागची यादी वाचायला सांगितली. त्या अडखळत वाचत गेल्या. पाणी, अल्कोहोल, सुगंध, आणि पुढे रेटिनॉल. मी म्हटलं, ती आजच बंद करा. मग काय बघून घ्यायचं ते सविस्तर सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. आमची बाजारात यायला वेळ आहे, तोवर दुकानातली कुठलीही साधी, पण यादीत ग्लिसरीन वरच्या बाजूला हवं, सेरामाइडचं नाव हवं, सुगंध नको. कानामागे लावून बघा आणि मगच चेहऱ्याला. ओल्या त्वचेवर. हलक्या हाताने, चोळायचं नाही.

"ते सगळं करीन हो," वहिनी म्हणाल्या, "पण त्या लावू कुठे देतात? मी आपली ऑफिसला पळायच्या आधी भराभर लावायला जाते, तर तोंड फिरवतात. सासूबाई लहान मुलासारखं करायला लागल्यात."

मी विचारलं, कुठल्या बाजूला फिरवतात? एका गालाची जास्त आग होत असेल तर कळावं म्हणून. वहिनी म्हणाल्या, अहो, खिडकीकडे.

१९ जानेवारी

आईंना फोन केला. आधीच करायला हवा होता, पण त्यांना तिथे रुळायला वेळ द्यावा असं वाटत होतं.

आवाज बारीक झालाय. आग थांबली म्हणाल्या. तुमची क्रीम आली का बाजारात? मी सगळं सांगितलं, लाल डबी खरी निघाली तेही. त्यांना बरं वाटलं. मग म्हणाल्या, "आता नवीन काही तपासायचं नाही?"

सध्या नाही आई, मी म्हटलं.

त्या हसल्यासारखं करून म्हणाल्या, "मी उगाचच तो घोळ केला बघा. मला वाटलं, बिघडलं की पुन्हा पहिल्यापासून करतील."

मी मनात तारखा जुळवल्या. दादाचा फोन तीस तारखेचा. त्याच्या आधी गालांत फरक होता, नंतरच तो मिटला. त्या सनस्क्रीनच्या चाचणीला किती महिने लागतात ते विचारत होत्या. हे सगळं माझ्या समोर, माझ्या हाताखाली होतं, मी रोज सकाळी त्या चेहऱ्याकडे वीतभर अंतरावरून बघत होतो.

मी म्हटलं, "आई, परत येता का?"

मागे कुणाचा तरी टीव्ही चालू होता.

"आता नको हो," आई म्हणाल्या. "दादाने माझ्यासाठी खिडकीशी खुर्ची करून घेतलीय. सुताराकडे किती खेपा घातल्या त्याने, माझ्या पायांच्या उंचीची हवी म्हणून. आता उठून निघाले तर त्याला काय वाटेल? एक गेली. हा एकच उरलाय, त्याला कशी दुखवू?"

मी म्हटलं, नाही, बरोबर आहे तुमचं.

"त्या दिवशी त्याने तुम्हाला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. रागाने नाही. एखादी वस्तू कुठे राहिली ते सांगावं तशा. "त्या दिवशी तुम्ही एक शब्द बोलला असतात, तर मी बॅग उघडली असती."

मग त्यांनीच विषय बदलला. गॅस आहे ना घरात, म्हणाल्या. मी म्हटलं, आहे. फोन ठेवताना मी त्यांना विचारलं, पाठीवरचे फोड मोजून संपल्यावर तिच्या वडिलांनी पुन्हा मोजले का? आईंना क्षणभर कळलंच नाही. मग म्हणाल्या, "मोजले तर. ती झोपेपर्यंत मोजत होते."

मला वाटत होतं, मी मागत नाही म्हणजे मी त्यांचा विचार करतोय. आता वाटतं, मला नकाराची भीती वाटत होती आणि तिला मी चांगुलपणाचे कपडे घातले होते. किंवा तसंही नसेल. कदाचित मला दुसऱ्याच्या चेहऱ्यावरचं फक्त मोजता येतं. कुठलं खरं ते ठरवता येत नाही. काहीही असलं तरी आई तिथे आहेत आणि मी इथे.

त्या खुर्चीवर आता रोज सकाळी वहिनी त्यांना क्रीम लावणार. घाईत असल्या तरी त्या मनाने चांगल्या आहेत, नीट सांगितलं तर ऐकतील.

उद्या : वहिनींना फोन करून सांगायचं, लावताना आई बोलायला लागल्या तर थांबवू नका.